सोबत मूल असेल तरच!

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक नावाचं एक टुमदार गाव आहे. तिथलं समुद्राकाठचं मोठं गोल्फचं मैदान जगप्रसिद्ध. पण मला कौतुक वाटतं ते त्या गावातल्या दुसऱ्या, नऊ होलांच्या चिमुकल्या मैदानाचं. ते मुलांचं मैदान आहे. मोठ्या माणसांना तिथं मज्जाव नाही, पण एक अट आहे : सोबत मूल हवं. मुलाच्या बोटाला धरून या आणि खुशाल खेळा. तुम्ही कितीही नावाजलेले खेळाडू असा, एकटे आलात तर परत जा!

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांसमोर येतं. शेकडो एकर हिरवळ, उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत पांढऱ्या टोपीतले चार साहेब आणि त्यांच्या मागून काठ्यांची जड पिशवी वाहणारी पोरं. हा खेळ आपला नव्हे, हे फाटकच सांगून टाकतं. मग प्रश्न पडतो, की ज्या देशात हा खेळ वाढला, तिथं मुलांसाठी आणि गावासाठी अशी छोटी मैदानं आली कुठून? मोठ्या खेळाची ती नंतर काढलेली बाळबोध आवृत्ती आहे का? इतिहास चाळला तर उत्तर उलटं मिळतं. गोल्फ आधी लहान होता. तो मोठा नंतर झाला. आणि मोठा होताना त्यानं कुणाकुणाला बाहेर ठेवलं, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका ठिकाणाहून चेंडू काठीनं मारत न्यायचा आणि दूरवरच्या खळग्यात घालायचा. आपल्या गोट्यांच्या खेळात गल असते ना, तसा हा खळगा. त्याला म्हणायचं होल. सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या सगळ्या पल्ल्यालाही होलच म्हणतात. एक संपला की दुसरा. आज पूर्ण मैदान म्हणजे १८ होल, हे जगभर ठरून गेलं आहे.

पण हे १८ आले कुठून? व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट मावतात म्हणून, अशी एक गमतीची दंतकथा सांगतात. खरी हकिकत अधिक साधी आहे. जुन्या स्कॉटलंडमध्ये होलांचा आकडा मुळी ठरलेलाच नव्हता. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा, खुरट्या गवताचा पट्टा असे. नांगराला निरुपयोगी. त्याला 'लिंक्स' म्हणत. गावाची मेंढरं तिथं चरत, बायका कपडे वाळत घालत, सैनिक कवायत करत, आणि त्यातूनच वाट काढत लोक गोल्फ खेळत. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती, कारण लोकांनी धनुर्विद्येचा सराव करणं राज्याला जास्त गरजेचं वाटत होतं. बंदी घालावी लागली, यावरूनच खेळ किती फैलावला होता ते कळतं. पुढं राजा चौथा जेम्स यानं स्वतःच १५०२ साली काठ्या विकत घेतल्या. बंदीचं पुढं काय झालं असेल ते सांगायला नको!

अशा गावकीच्या जागेत जेवढी जमीन, तेवढे होल. एडिंबराजवळच्या लीथला पाच होल होते, आणि याच पाच होलांच्या मैदानासाठी १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम झाले. एकूण तेरा. मसलबराला सुरुवातीला सात. माँट्रोझला एका काळी चक्क पंचवीस! सेंट अँड्र्यूजचा पट्टा लांबट आणि अरुंद. तिथं बारा खळगे होते. एका टोकापर्यंत खेळत जायचं आणि त्याच वाटेनं, त्याच खळग्यांत चेंडू घालत परत यायचं. बारापैकी दहा खळगे असे दोनदा लागत, म्हणून फेरी २२ होलांची होई. १७६४ साली तिथल्या मंडळींना सुरुवातीचे चार होल फारच आखूड वाटले. त्यांनी चारांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी. बाविसाचे अठरा झाले. आज जगातलं प्रत्येक मोठं मैदान जो आकडा शिरोधार्य मानतं, तो एका गावाच्या अरुंद जागेतून आणि चार आखूड होलांच्या दुरुस्तीतून आला आहे. पुढं १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या क्लबानं आपल्या सभासदांसाठी एक सामना म्हणजे १८ होल असं लिहून ठेवलं, आणि त्या क्लबाचा दबदबा वाढत गेला तसा आकडाही पसरला.

तरीही मोठे सामने छोट्या मैदानांवर होतच राहिले. गोल्फची सर्वांत जुनी स्पर्धा म्हणजे ब्रिटनमधली 'ओपन'. ती पहिल्यांदा १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला झाली. आठ व्यावसायिक खेळाडू आणि मैदान १२ होलांचं. एका दिवसात तीन फेऱ्या, म्हणजे ३६ होल. विली पार्कनं १७४ फटक्यांत ते पुरे केले आणि लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा जिंकला. १८७० पर्यंत ही स्पर्धा दरवर्षी याच बारा होलांवर झाली. मसलबराचं मैदान तर नऊ होलांचं, तेही घोड्यांच्या शर्यतीच्या गोलाच्या आत. १८७४ ते १८८९ या काळात तिथं सहा वेळा ओपन झाली. या गावातलं होल पाडायचं १८२९ सालचं एक अवजार जपून ठेवलेलं आहे. त्याचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ मध्ये हेच माप सगळ्यांसाठी नियम झालं. म्हणजे जगभरच्या मैदानांवरच्या खळग्यांचं माप या नऊ होलांच्या मैदानावर आधीपासूनच चालत होतं.

मग लांबी वाढली कशी? त्याचं बरंचसं उत्तर चेंडूत आहे. पूर्वीचा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून भरलेला. एका चेंडूला उंच टोपीभर पिसं लागत, आणि चांगला कारागीर दिवसाला तीन-चारच चेंडू करू शके. ओला झाला की जड व्हायचा, शिवण उसवली की संपला. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून केलेला चेंडू आला. तो स्वस्त, टिकाऊ. त्यानं खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला हे खरंच. पण १८९८ नंतर अमेरिकेतून रबराचा धागा घट्ट गुंडाळलेला चेंडू आला, आणि तो कितीतरी लांब जाऊ लागला. १९०२ ची ओपन सँडी हर्डनं या चेंडूनं जिंकली आणि वाद मिटला. चेंडू लांब गेला की होल लांबवायचा, होल लांबला की अधिक जमीन घ्यायची, असं चक्र सुरू झालं. ते अजून थांबलेलं नाही. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान २०२२ च्या ओपनच्या वेळी ७,३०० यार्डांच्या वर नेलं होतं. त्यासाठी सुरुवातीच्या काही जागा शेजारच्या मैदानांच्या हद्दीत मागं सरकवाव्या लागल्या. चेंडूच्या पल्ल्याला लगाम घालणारे नवे नियम करण्याचा निर्णय खेळाच्या नियामक संस्थांना २०२३ मध्ये जाहीर करावा लागला, यावरून प्रकरण कुठवर गेलं आहे ते दिसतं.

लांबी वाढली की वेळ वाढतो, खर्च वाढतो, ताकद लागते. ज्यांच्याकडे हे तिन्ही नाही ती माणसं हळूहळू मैदानाच्या कडेला जातात. इथं मला बायकांची गोष्ट सांगावीशी वाटते.

मसलबराच्या कोळणी गोल्फ खेळत. मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या या बायका. १८१० च्या डिसेंबरात तिथल्या गोल्फ क्लबानं ठराव केला, की नववर्षदिनी कोळणींचा सामना घ्यायचा आणि जिंकणारीला मासळीची नवी टोपली बक्षीस द्यायची. शिवाय बक्षिसात दोन रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेचा हा फार जुना लेखी उल्लेख आहे, आणि तो उमरावांच्या लेकीसुनांचा नाही, कोळणींचा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण पुढं खेळ 'सभ्य' झाला आणि सभ्य घरच्या बायकांनी काठी खांद्याच्या वर नेणं शोभत नाही असं मानलं जाऊ लागलं. १८६७ साली सेंट अँड्र्यूजला बायकांचा क्लब निघाला, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी जागा काढली गेली. उंचसखल गवताचा एक तुकडा. तिथं फक्त पटिंग करायचं, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलक्या हातानं घरंगळत खळग्यात घालायचा. हा तुकडा आखून दिला ओल्ड टॉम मॉरिसनं. प्रेस्टविकचे ते बारा होल आखणारा हाच माणूस. जागेवरच्या टेकाडांमुळे तिला नाव पडलं 'हिमालयाज'. १८९० साली निघालेल्या एका प्रतिष्ठित ग्रंथात एका न्यायाधीश महाशयांनी लिहून ठेवलं, की बायकांचा फटका सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे जाऊ नये. ताकद नाही म्हणून नव्हे, तर त्याहून लांब मारायला हात वर न्यावा लागतो आणि तो त्या काळच्या पोशाखाला शोभत नाही म्हणून!

म्हणजे छोटं मैदान हे इथं कुंपणही होतं. तुम्हाला ही जागा दिली आहे, आता मोठ्या मैदानाकडे फिरकू नका, असा त्याचा अर्थ होता. छोट्या मैदानांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पण बायकांनी त्या कुंपणाचं काय केलं ते पाहा. इतर गावांतही बायकांचे क्लब निघाले, त्यांची स्वतःची आखूड मैदानं झाली. १८९३ साली त्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी पहिली ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा लँकेशरमध्ये बायकांच्या नऊ होलांच्या मैदानावर भरवली. लेडी मार्गारेट स्कॉटनं ती जिंकली, आणि पुढची दोन वर्षंही तीच जिंकली. तिचा हात खांद्याच्या बराच वर जाई. तेव्हाची छायाचित्रं पाहिली तर कळतं. छोट्या मैदानात तयार झालेला खेळ तिथंच कोंडून राहिला नाही. सेंट अँड्र्यूजच्या त्या मातब्बर क्लबाला बायकांना सभासद करून घ्यायला मात्र २०१४ साल उजाडावं लागलं. आणि 'हिमालयाज'? ते अजून तिथंच आहे, बायकांच्या क्लबाच्याच ताब्यात. मोसमात थोडे पौंड देऊन कुणीही तिथं खेळू शकतं. नातवंडांना घेऊन आजी येते आणि शेजारच्या जगप्रसिद्ध मैदानावर खेळायला आलेले कसलेले खेळाडूही येतात. टेकाडावरून चेंडू भलतीकडे घरंगळला की दोघांचीही सारखीच फजिती होते.

हे सारखेपण कुठून येतं? त्याचं गणित सोपं आहे. पूर्ण मैदानाला साधारण ७२ फटके अपेक्षित धरतात. त्याला 'पार' म्हणतात. त्यात प्रत्येक होलाला दोन पटिंगचे फटके गृहीत असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे निम्मा खेळ खळग्याजवळच्या हिरवळीवरच होतो, जिथं दंडातल्या ताकदीचं काहीच चालत नाही. नजर, हात आणि धीर एवढंच लागतं. आखूड होलांवर, ज्यांना 'पार थ्री' म्हणतात, एकच लांब फटका आणि मग हे कसब. लहान मुलाला चेंडू कसाबसा पोचवता येतो आणि मुरलेल्या खेळाडूला चूक लपवायला जागा उरत नाही. वाड्याच्या चौकात क्रिकेट खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. भिंतीला न लावता चेंडू जमिनीलगत काढायचा, हे कौशल्य मोठ्या मैदानावर वाया जात नाही.

अमेरिकेत टायगर वुड्‌सची सुरुवातही अशीच झाली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला हार्टवेल नावाचं सार्वजनिक मैदान आहे, सगळे होल आखूड. चार वर्षांचा टायगर तिथं शिकायला जाऊ लागला. त्याच्या शिक्षकानं, रूडी ड्युरान यांनी, त्याच्या वयाला झेपेल असा वेगळा 'पार' त्याला ठरवून दिला होता. पोराला मोठ्यांच्या मापानं मोजायचं नाही, त्याच्या मापानं मोजायचं. मोठं माप त्यानं पुढं स्वतःच मोडलं.

आणि अमेरिकेतल्याच अत्यंत कडेकोट क्लबात, ऑगस्टाला, १९५८ साली नऊ आखूड होलांचं मैदान बांधलं गेलं. तिथं १९६० पासून 'मास्टर्स' या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक छोटी स्पर्धा होते. त्या दिवशी खेळाडूंची मुलं पांढरे डगले घालून वडिलांच्या काठ्या सांभाळतात. नियम असा, की दुसऱ्या कुणाला आपला फटका मारू दिला तर बक्षिसावरचा हक्क गेला. तरी कित्येक नामवंत खेळाडू बक्षीस सोडून देतात आणि शेवटचा फटका पोराला मारू देतात. २०१८ साली ही छोटी स्पर्धा ६८ वर्षांच्या टॉम वॉटसननं जिंकली. त्याच्याच गटात जॅक निकलाउस खेळत होता. मास्टर्स सहा वेळा जिंकलेला. त्याच्या १५ वर्षांच्या नातवानं शेवटच्या होलावर एक फटका मारला आणि चेंडू थेट खळग्यात गेला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा दिवस सात हजार यार्डांच्या मैदानावर आजोबा-नातवाला कुठून मिळणार?

आता आपल्याकडे वळू. मुंबईचा या खेळाशी संबंध जुना आहे. १८४२ साली इथं गोल्फ क्लब निघाला होता. त्यानं सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला दिलेलं 'बॉम्बे मेडल' तिथल्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला देतात. पण आपल्याकडे खेळ आला तो साहेबाच्या बंगल्याबरोबर आणि लष्करी छावणीबरोबर. स्कॉटलंडची गावकीची लिंक्स मात्र आली नाही. फाटक आलं, चौक आला नाही.

म्हणून शेवटी एडिंबरा शहरातल्या ब्रंट्सफील्ड लिंक्सची हकिकत सांगतो. तिथं काही शतकं गोल्फ चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकात शहर वाढलं, चहूबाजूंनी घरं आली, जाणाऱ्या-येणाऱ्यांना चेंडू लागू लागले. आपल्या शहरांत काय झालं असतं ते तुम्ही जाणताच. तिथं नगरपालिकेनं दोन गोष्टी झाल्या. १८८९ मध्ये शहराबाहेरची ब्रेड टेकडी विकत घेऊन लांब गोल्फसाठी सार्वजनिक मैदान केलं. आणि शहरातली जागा विकली नाही. तिथं आखूड गोल्फ राहिला. उन्हाळ्यात त्या गवतावर आजही ३६ छोटे होल असतात. शुल्क नाही, सभासदत्व नाही. शेजारून लोक फिरतात, मुलं धावतात, कुणी गवतावर लोळतं. एक काठी आणि एक चेंडू आणा, बस्स.

अमेरिकेतल्या पाइनहर्स्टला २०१७ साली नऊ होलांचं असंच एक मैदान झालं. सुमारे दहा एकरांत. आपलं दादरचं शिवाजी पार्क जवळजवळ अठ्ठावीस एकरांचं आहे. म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी जागा. शिवाजी पार्कवर गोल्फ आणा असं मी म्हणत नाही. तिथलं क्रिकेट हलवायची छाती कुणाची आहे! मला म्हणायचं आहे ते एवढंच, की कोणता खेळ किती जागेत खेळायचा हे निसर्गानं ठरवलेलं नसतं. गावाकडे जेवढी जागा होती तेवढ्यात पाच होल बसवणाऱ्यांनी ते ठरवलं, आणि नंतर चेंडूमागं धावत जमिनी घेणाऱ्यांनीही. आपल्या गावातलं उरलंसुरलं मैदान 'खेळाला अपुरं' ठरवून कुणी त्याचा नकाशा बदलायला निघालं, तर या इतिहासाची आठवण ठेवावी. मैदान अपुरं आहे की नाही, हे विचारायचंच असेल तर आधी तिथं खेळणाऱ्या मुलांना विचारावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)